निळी वायर राहिलीय

माझ्या खोलीत दाराजवळ एक स्विच होता. त्याच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हा स्विच कशाचाच नाही.’ राहायला आले त्याच दिवशी मी तो खालीवर करून पाहिला. खरंच कशाचाच नव्हता. घरमालकांना विचारलं, "काका, मग काढून का नाही टाकत?" तर म्हणाले, "काढला तर भोक राहील. आणि त्याने बिचाऱ्याने तुझं काय वाकडं केलंय?"

असे आमचे काका. सख्खे वगैरे कुणी नव्हेत. इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनला त्यांच्या घरामागच्या अंगणात एक सुटी खोली होती, ती मी भाड्याने घेतली होती. पुण्याहून आलेली एकटी मुलगी, ऑफिस पायी जाण्याइतकं जवळ, त्यात घरमालक मराठी. आई फोनवर म्हणाली, देव पावला. पावला की कसं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सत्तरी ओलांडलेला माणूस. पूर्वी चिंचवडच्या कारखान्यात, मग इथे ओटाहुहुच्या एका कारखान्यात विजेची देखभाल बघण्यात जन्म गेलेला. वरती माकडटोपी, खाली हाफपँट, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हा वेष बाराही महिने. आणि गळ्यात मल्टिमीटर, आपल्याकडे बायका मंगळसूत्र घालतात तितक्या नेमाने. जे दिसेल ते मोजायचं. एकदा मी म्हटलं की खोलीत थंडी फार वाजते, तर आत जाऊन तापमापक घेऊन आले, तो माझ्या टेबलावर ठेवून शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "सोळा आहे. सोळाला थंडी म्हणत नाहीत." हीटर मात्र संध्याकाळी दाराबाहेर ठेवलेला सापडला. त्यावर पट्टी होती, ‘पाय लांब ठेवणे.’

पट्ट्यांचं वेड तर विचारू नका. घरभर पट्ट्या. फ्रीजवर ‘दार दाबून लावणे’, मीटरच्या पेटीवर ‘हात लावू नये, मीसुद्धा’. माझ्या नावाच्या टपालपेटीवर नुसतं ‘पाहुणी’. मी दोन वर्षं राहिले तरी पाहुणीच. काही बिघडलं की त्यांचं निदान ठरलेलं असायचं: "अर्थिंग कच्चं असणार." इंटरनेट बंद पडलं तरी अर्थिंग, दूध फाटलं तरी अर्थिंग. माझं एका मुलाशी जुळता जुळता फिसकटलं, तेव्हाही चहाचा कप पुढे करत तेच म्हणाले. मला राग आला होता, पण हसूही आलं.

आणि घरासमोर उभी ती कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. जुनी, पांढरी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. तिच्यापुढे त्यांची दणकट डिझेल गाडी. या दोघींना जोडणं हा काकांचा उद्योग. हे प्रकरण काय असतं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. कॅरॅव्हॅन जड असते, तिला स्वतःचे ब्रेक असतात, ते विजेवर चालतात, आणि ती वीज किती सोडायची हे ठरवणारी एक डबी गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवावी लागते. डबीला एक चाक. चाक वाढवलं की मागचे ब्रेक कचकन लागतात, कमी केलं की हळू. डबीतून चार वायरी निघतात. काळी बॅटरीकडे, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेकच्या दिव्याकडे आणि निळी थेट मागे, कॅरॅव्हॅनकडे.

चार वायरी. कुठल्याही गॅरेजवाल्याने एका दुपारी जोडल्या असत्या. काका दोन वर्षं जोडत होते. रोज संध्याकाळी गाडीचं दार उघडं, काका सीटखाली आडवे, बाहेर नुसते जँडल्स दिसायचे. आज काळी वायर जाड हवी म्हणून उपसली, उद्या पांढरीचा स्क्रू गंजलाय. पलीकडचा शेजारी, आडदांड सामोअन माणूस, येताजाता विचारायचा, "कधी निघतोस, ब्रो?" आतून आवाज यायचा, "लवकरच. फक्त निळी वायर राहिलीय." तो म्हणायचा, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास. इतक्या वेळा हे झालं की मीही ऑफिसात काम अडलं की म्हणायला लागले, निळी वायर राहिलीय. कुणाला कळायचं नाही.

निघायचं होतं पोरिरुआला, मुलीकडे. काकू तिथे होत्या. नातवाच्या जन्माच्या वेळी बाळंतपणाला म्हणून गेल्या, त्या चार वर्षं तिथेच. भांडण नाही, तंटा नाही. काका इथे, काकू तिथे, मध्ये दिवसभराचा रस्ता.

"तुम्ही जाऊन का राहत नाही, काका?"

"लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. आमच्यात पाणीही पीत नाहीत."

"ते नातवंड होईपर्यंत. नंतर चालतं. माझ्या आजोबांनी तर नंतर दोन-दोन महिने मुक्काम ठोकला होता."

"ते तुमच्याकडे," म्हणायचे आणि परत सीटखाली जायचे. म्हणून ही कॅरॅव्हॅन. लेकीच्या दारात आपलं घर उभं करायचं, आपल्या टाकीतलं पाणी प्यायचं, म्हणजे नियमही मोडत नाही आणि माणसंही भेटतात. मला तेव्हा ही आयडिया भन्नाट वाटली होती.

संध्याकाळी सातला काकूंचा फोन यायचा. काका तो स्पीकरवर टाकून गाडीच्या बॉनेटवर ठेवायचे. मी अंगणात कपडे काढायला गेले की ऐकू यायचं.

"जेवलात?"

"खिचडी केली. तू?"

"व्हायचंय. ब्रेकचं झालं का?"

"निळी वायर राहिलीय."

"बरं."

बस. मग कुणीच बोलायचं नाही, पण फोनही ठेवायचं नाही. तिकडे कुकरच्या शिट्ट्या, ताटं मांडल्याचे आवाज, नातवाचं इंग्रजीतलं रडगाणं. इकडे पक्कडीची टकटक. तासभर हे असं. शेवटी काकू म्हणायच्या, "ठेवते हं," आणि काका म्हणायचे, "ठेव." मग ते जरा वेळ बॉनेटला टेकून नुसते उभे राहायचे, हातात काही नसताना. तो माणूस रिकाम्या हातांनी फक्त तेवढाच वेळ दिसायचा. ते बघवायचं नाही. मी कपड्यांचा ढीग उचलून आत जायचे आणि बाबांना पुण्याला फोन लावायचे. तिकडे दुपार असायची, बाबा झोपलेले असायचे.

त्या वर्षीची खंडेनवमी शनिवारी आली. काकांकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. सकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं ओळीने ठेवली होती. स्क्रूड्रायव्हर, पकडी, सोल्डरिंग आयर्न, टेस्टर. प्रत्येकाला हळदकुंकू. झेंडू मिळत नाही म्हणून शेजाऱ्याच्या कुंपणावरची कसलीशी पिवळी फुलं, विचारून आणलेली. "आता उद्या दसऱ्याला उठवेपर्यंत यातलं काही उचलायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "माझ्या पेचकसाला एवढी एकच सुट्टी असते वर्षातून." मी मल्टिमीटरकडे बोट दाखवलं. तो गळ्यातच होता, त्यालाही कुंकू लावलेलं. "हा हत्यार नाही," म्हणाले, "हा साक्षीदार आहे."

आम्ही शिरापुरी खात होतो तेव्हा मुलीचा फोन आला. हात तेलकट म्हणून काकांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तुम्ही येताय ना?"

"येतो," काका म्हणाले. फोन बंद झाला. मग ते ताटातल्या पुरीकडे बघत बसून राहिले.

मी फोनवर विमानं बघायला लागले. "काका, संध्याकाळचं मिळतंय."

"विमान कशाला? उद्या सकाळी हत्यारं उठवतो, तासाभराचं काम आहे, दुपारी कॅरॅव्हॅन घेऊन निघतो. परवा पोचेन."

"तासाभराचं?" मी ताट बाजूला सारलं. "दोन वर्षं तुम्ही तासाभराचं काम करताय?"

ते पुरीचा तुकडा मोडत राहिले.

"काका, ऑपरेशन उद्या आहे."

"विमानाने गेलो तर राहू कुठे?"

"मुलीकडे. आणखी कुठे?"

"तिने सांगितलंय मला," ते म्हणाले. "हे तुमचं घर नाही, म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. नातू झाला तेव्हा तेही गेले होते, आठवडाभर. रिकामं बसवेना, म्हणून मुलीच्या घरभर पट्ट्या लावल्या. स्वयंपाकघरातला एक स्विच कच्चा वाटला, तो उघडून नीट केला. त्या नादात फ्रीजर बंद राहिला आणि बाळंतिणीसाठी करून ठेवलेलं सगळं अन्न सकाळी वितळलेलं सापडलं. मुलगी, रात्रभर जागलेली, ओली बाळंतीण, ओरडली, "बाबा, हे तुमचं घर नाहीये." काकांनी त्याच दिवशी पिशवी उचलली आणि परतीची बस पकडली. काकू राहिल्या.

"ती दमलेली होती, काका. बोलून गेली."

"बोलली ते खरं बोलली, त्याचंच तर आहे. लुडबुड केल्याशिवाय मला राहता येत नाही. दुसऱ्याच्या सोफ्यावर हात बांधून बसायचं म्हणजे मरणच. म्हणून म्हटलं, आपलं घर घेऊनच जावं."

"मग गेला का नाहीत इतके दिवस?"

काकांनी माकडटोपी काढली. ती त्यांनी काढलेली मी पहिल्यांदाच बघत होते. केस अगदी विरळ होते.

"आणि घर घेऊन गेलो, आणि ती म्हणाली, बाबा, इथे नका उभं करू, तर? मग जायला जागाच उरली नाही ना गं. वायरिंग व्हायचंय तोवर निदान असं म्हणता येतं की जायचंय."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "तिकडे काकूंचं हाड मोडलंय आणि तुम्ही मला ब्रेकचं काय सांगताय? उठा. स्वेटर घाला."

आश्चर्य म्हणजे उठले. पण निघताना स्वयंपाकघराच्या नळाखाली एक मोठी बाटली भरत उभे राहिले.

"पाणी तिकडेही मिळतं, काका."

"मिळतं ना," म्हणाले, आणि बूच घट्ट लावलं.

विमानतळावर गळ्यातला मल्टिमीटर त्यांनी माझ्याकडे दिला. "उद्या अक्षता टाकून हत्यारं उठव. पट्ट्या बघून जागच्या जागी ठेव." एवढं बोलून कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. मागे वळून बघितलं नाही. हाफपँट तीच होती.

दसऱ्याला मी अंघोळ करून अक्षता टाकल्या आणि एकेक हत्यार उचलून ठेवायला लागले. पाटावर सगळ्यात कडेला, पकडीच्या आड, नखाएवढा एक फ्यूज होता. त्यालाही हळदकुंकू लावलेलं. हा कुठे ठेवायचा म्हणून मी पट्ट्या शोधत हिंडले. शेवटी गाडीत, त्या डबीच्या काळ्या वायरीवर, रिकाम्या खाचेशेजारी ती पट्टी मिळाली, ‘फ्यूज.’ कॅरॅव्हॅनची केबल मागे जोडलेलीच होती. मी फ्यूज दाबून बसवला आणि किल्ली फिरवली. डबीवर हिरवा दिवा लागला. तिच्यावरचा छोटा दांडा सरकवला तशी मागे कॅरॅव्हॅनच्या चाकांमधून बारीकशी घूंऽऽ ऐकू आली. ब्रेक लागले होते. सगळं चालू होतं. मी खाली वाकून बघितलं. निळी वायर जोडलेली होती, वर नीट टेप गुंडाळलेली, टेपवर धूळ बसलेली.

मी तिथेच सीटवर बसून त्यांना फोन लावला.

"काका, निळी वायर जोडलेली आहे."

"हो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "अगं, ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणतात. शुद्धीवर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आलात न्यायला?"

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"बॅग भरून बसलीय ती. चार वर्षं. पलंगाखाली ठेवलीय, मुलीने दाखवली आत्ता. साड्या, औषधं, माझ्यासाठी विणलेला स्वेटर. मुलीला सांगायची म्हणे, ते गाडीमागे घर जोडतायत, त्यातून मला न्यायला येणारेत, फक्त ब्रेकचं राहिलंय. एका दिवसाचं काम होतं गं. जायचं आणि तिला घेऊन यायचं. मी तिथे राहायचं कसं याचाच विचार करत बसलो. राहायला मला सांगितलं होतं कुणी?"

"पण काकू फोनवर एकदाही बोलल्या नाहीत?"

"बाळंतपणाला गेलेल्या बायकोने, मला न्यायला या, असं आपण होऊन म्हणायचं असतं का? नवऱ्याने जायचं असतं. आमच्यात तरी तसंच आहे." मग म्हणाले, "मला वाटलं, तिला तिथेच बरं वाटतंय. विचारलं नाही मी. उत्तर आलं असतं ना."

पाण्याची बाटली त्यांनी काकूंनाच पाजली, चमच्याचमच्याने. त्यांना नर्सने घोट घोट द्यायला सांगितलं होतं. स्वतः मात्र मुलीच्या नळाचं प्यायले.

काकू परत माउंट वेलिंग्टनला आल्या नाहीत. हाड जुळलं, पण मग छातीत कफ झाला, मग आणखी काही. काका तिथेच राहिले, मुलीच्या घरात, काकूंच्या खोलीत. फोन केला की म्हणायचे, "थोडी चालायला लागली की घेऊन निघतो." मी म्हणायचे, "अंगण झाडून ठेवते." जुलैत, इथल्या हिवाळ्यात, काकू गेल्या. मुलीने मला नंतर सांगितलं की त्या सगळ्या महिन्यांत बाबांनी घरातल्या एकाही स्विचला हात लावला नाही. एक पट्टीही नाही. ती म्हणाली, "लावा हो बाबा, असं मीच किती वेळा म्हटलं त्यांना."

थंडी ओसरल्यावर काका जावयाला घेऊन आले. घर एका कुटुंबाला भाड्याने दिलं, माझी खोली माझ्याकडेच ठेवली. मी मल्टिमीटर त्यांच्या गळ्यात घातला. सामोअन शेजारी कुंपणापाशी आला आणि या वेळी त्याने काही विचारलं नाही, नुसता हात हातात घेऊन उभा राहिला. मग काकांनी गाडी सुरू केली आणि ती कॅरॅव्हॅन एकदाची हलली. इतकी वर्षं जिथे उभी होती तिथलं गवत पांढरं पडलं होतं.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने राजधानीत, वेलिंग्टनला गेले तेव्हा रविवारी जवळच्या पोरिरुआला उतरले. मुलीने दार उघडलं. काकांचंच नाक, चेहरा थकलेला. काका कुठेत म्हणून मी विचारलं तर आतून नातू ओरडला, "आबा इज इन हिज हाऊस." मुलीने मान खाली घातली. "दर संध्याकाळी सांगते, बाबा, घरात या. येतात जेवायला, झोपायलाही येतात. पण दिवसभर तिकडेच असतात. मी एकदाच बोलले हो ते. एकदाच." मी अंगणात उभ्या कॅरॅव्हॅनकडे गेले.

कॅरॅव्हॅनमध्ये सगळीकडे पट्ट्या होत्या. मला त्यामुळे जरा बरं वाटलं. काकांनी टाकीतलं पाणी भांड्यातून दिलं, तापमापकाकडे बघून "चौदा आहे, स्वेटर घालून बस" म्हणाले. त्यांच्या अंगात पांढऱ्या लोकरीचा स्वेटर होता, बाही थोडी आखूड. समोरच्या बाकावर, खिडकीशी, एक मरून रंगाची बॅग ठेवलेली होती. कुलूप लावलेली.

"रविवारी एक चक्कर मारतो समुद्राच्या कडेने," काका म्हणाले. "येतेस?"

मी पुढे गाडीत त्यांच्याशेजारी बसले. डबीवर हिरवा दिवा होता. चाक मात्र जवळजवळ तळाला आणून ठेवलेलं.

"काका, ब्रेक इतका कमी ठेवलाय?"

"जोरात लागला की बॅग सरकते."

"मग बांधून का नाही ठेवत? पट्टा आहे ना तिथे."

"बांधायला ती काय सामान आहे?"

ते अगदी सावकाश चालवत होते. मागे गाड्यांची रांग लागली, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. डावीकडे पाणी होतं, राखाडी, वाऱ्याने उसळलेलं. वळण लांबून दिसलं की काका कितीतरी आधी वेग कमी करायचे, ब्रेकवर पाय ठेवायचे तो जेमतेम. बोलले काहीच नाहीत. मला बॉनेटवरचा तो फोन आठवत राहिला. मी बाबांना भेटायला पुण्याला कधी जाणार आहे, की नुसतीच फोन करत राहणार आहे, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

परत आलो. गाडी बंद करून काका आधी मागे गेले, दार उघडून आत डोकावले.

"हलली नाही," म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.